दुसरा राउटर बसवा, पण घराचे नेटवर्क एकच ठेवा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सिडको, इंदिरानगर परिसरातील रो-हाऊस असोत की गंगापूर रोडवरील दुमजली बंगले, फायबरची जोडणी बहुधा तळमजल्यावरील हॉलमध्येच येते. ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय मधल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून नीट पार होत नाही, म्हणून तंत्रज्ञ वरच्या मजल्यावर दुसरा राउटर बसवून देतो आणि इंटरनेट सुरू झाल्याचे दाखवून सही घेऊन जातो. खालच्या प्रिंटरला वरचा लॅपटॉप सापडत नाही, वरच्या खोलीतील कॅमेरे खालच्या मोबाइलवर दिसत नाहीत, या तक्रारी मागाहून सुरू होतात आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला दिला जातो.

याचे कारण साधे आहे. खालून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घेण्याच्या खाचेत, लावली, की तो राउटर आपल्या मागे स्वतंत्र नेटवर्क उभे करतो आणि उपकरणांना स्वतःचे वेगळे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरील ओळख क्रमांक, वाटू लागतो. उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी जी हाक देतात ती राउटर ओलांडत नाही. त्याऐवजी दुसरे उपकरण अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवले, तर ते केबल आणि वाय-फाय या दोन माध्यमांमधील पुलाचे, म्हणजे ब्रिजचे, काम करते आणि वर-खाली एकच नेटवर्क राहते. तो मोड नसेल तर त्या राउटरचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे, त्याचा आयपी पत्ता पहिल्या राउटरच्याच मालिकेतील पण वेगळा ठेवावा आणि केबल लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातील उपकरणांसाठीच्या खाचेत, लावावी. त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच हा उपाय कोणी सुचवत नसावे.

जिथे केबल नेणे अशक्य आहे, उदाहरणार्थ जुन्या नाशकातील जाड भिंतींच्या वाड्यांत, तिथे विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अॅडॉप्टर वापरता येतात. मात्र थ्री-फेज जोडणी असलेल्या घरात दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असावेत, आणि अॅडॉप्टर स्पाइक गार्डमध्ये न लावता थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा. नाहीतर वेग फारच घटतो. वाय-फाय रिपीटर सोयीचा खरा, पण एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करावे लागत असल्याने त्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. आणखी एक धोका अतिउत्साहाचा आहे. दोन राउटरमध्ये एक केबल असताना दुसरीही केबल जोडून ठेवली, तर डेटा त्या फेऱ्यात फिरत राहतो आणि घरातील सगळेच नेटवर्क ठप्प होते. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय, म्हणजे जादा मार्ग आपोआप बंद ठेवण्याची पद्धत, संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, पण घरगुती वापराच्या स्वस्त स्विचमध्ये तो सहसा नसतो.

ब्रॉडबँड पुरवठादारांनी आपल्या तंत्रज्ञांना सही घेण्यापूर्वी वरच्या मजल्यावरून खालच्या प्रिंटरवर एक पान छापून दाखवण्याची सूचना द्यावी. तसेच पाथर्डी फाटा, म्हसरूळ भागांत नवी बांधकामे करणाऱ्या विकासकांनी स्लॅब भरण्यापूर्वीच विजेच्या वायरपासून वेगळा एक पाइप हॉलपासून प्रत्येक मजल्यापर्यंत टाकून ठेवावा. त्यातून कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल ओढली, तर १०० मीटर अंतरापर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो. इमारत उभी राहिल्यावर तीच केबल नेण्यासाठी भिंती फोडाव्या लागतात.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक