भाऊबीजेचा पाट

रमा एकादशी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आबा गेले, यंदा आपल्याकडे दुखवटा. कंदील नाही, फराळ नाही. मग दिवाळीला येऊन करू काय?" तेव्हा मी विषय बदलला. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि जे सांगायचं आहे ते मला नीट सांगायचं होतं. म्हणून लिहायला बसले.

तू ये. भाऊबीजेला जतला जायचं आहे.

बाराव्याला पाहुणे उठून गेल्यावर तू मला विचारलं होतंस, "आबा लढाईबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत. तुला काही सांगितलं होतं का गं?" सांगितलं होतं. पण असं समोर बसवून नाही. पेरणीआधी बियाण्याच्या शेंगा फोडायला आम्ही सासरे-सून ओसरीवर बसायचो. हातात काम असलं की आबांची जीभ सैल व्हायची. एका वर्षी एक तुकडा, दुसऱ्या वर्षी दुसरा. ते जोडायला मला पंधरा-वीस वर्षं लागली.

१९६२ साली चीनची लढाई झाली आणि दुसऱ्या वर्षी भरती निघाली. आबा १९ वर्षांचे होते, सातवी झालेले. बेळगावला मराठा सेंटरमध्ये शिकून जंगी पलटणीत गेले, म्हणजे पहिल्या मराठ्यात. तीन वर्षांनी लग्न झालं. त्याच्या पुढच्या वर्षी, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. आपलं जुनं घर दगडमातीचं होतं. आजी त्या वेळी माहेरी होती म्हणून वाचली. आबांची आई मधल्या भिंतीखाली सापडली.

पलटणीत तार पोचायला वेळ लागला. आबा गाड्या बदलत आले तेव्हा पाचवा दिवस होता. आईला आगीन देऊन झाली होती. गावात धड माणसं उरली नव्हती, ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं. नदीपलीकडच्या गावची चार माणसं आली होती, त्यांनी माती उपसून तिला बाहेर काढलं, त्यांनीच तिला खांदा दिला. नावं विचारायचंही कुणाला सुचलं नाही. आबांनी नंतर फार शोधलं. शेवटपर्यंत सापडली नाहीत ती माणसं. मला हे सांगताना ते एवढंच म्हणाले, "ज्यांचं देणं फेडायचं ती माणसंच गावंनात, मग कुणाला द्यायचं, सांग बरं."

बाळा, पुढचं सगळं यातून आलं आहे असं मला वाटतं.

चार वर्षांनी, त्याच तारखेला, आबा जमालपूरच्या रस्त्यावर होते. आत्ताच्या बांगलादेशात. त्यांची पलटण मेघालयाच्या बाजूनं खाली उतरली, ब्रह्मपुत्रेचा जुना फाटा ओलांडून गेली आणि जमालपूरहून टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. गावात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी त्यांना शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. त्यांचे कर्नल सुलतान महमूद यांनी उत्तर पाठवलं, आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळली होती. ही गोष्ट पुढं पुष्कळ ठिकाणी छापून आली. आबांना मात्र त्या गोळीपेक्षा तिथली एक म्हातारी जास्त आठवायची. पाण्यातून चालून सगळे भिजलेले, अंगात कापरं भरलेलं. ती घरातून सूप घेऊन आली आणि एकेकाच्या ओंजळीत चुरमुरे घालत गेली. तिची भाषा यांना कळेना, यांची तिला. आबा म्हणायचे, "आपल्या सारखेच चुरमुरे गं. घरच्यासारखे." आपल्या घरात चुरमुऱ्यांचा डबा कधी रिकामा नसतो आणि दारी आलेल्याला आधी तेच पुढं केले जातात, ते तेव्हापासून.

१० डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर बलुच पलटण रस्त्यानं बाहेर पडायला निघाली. आपली माणसं भाताच्या शेतात अंग टाकून दबा धरून होती. पहाटेपर्यंत चाललं. उजाडल्यावर उरलेल्यांनी हत्यारं टाकली. आबांनी मला त्या रात्रीतलं एवढंच सांगितलं, आणि त्याच्या पुढं मी कधी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस ते बरं केलंस. त्यांच्या सेक्शनमधले दोघं तिथं गेले. एक जतकडचा, एक शाहूवाडीचा. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. त्यांच्या घरची पत्रं आबा वाचून दाखवायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. त्यामुळे कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बायकोला दिवस गेले, हे आबांना त्या दोघांच्या बरोबरीनं ठाऊक असायचं.

दुसऱ्याच दिवशी पलटण टांगाईलकडे गेली. तिथं पुंगलीच्या पुलाशी आदल्या दिवशी छत्रीतून उतरलेले दुसऱ्या पॅरा पलटणीचे जवान होते. ती मुळात तिसरी मराठा पलटण. परक्या मुलखात, काळोखात, समोरून मराठीत हाक आली. आबा हे सांगताना प्रत्येक वेळी थांबायचे, फोडलेली शेंग तशीच हातात.

आता तू म्हणशील, यात भाऊबीज कुठं आली. ते मला आबांनी नाही, जतच्या आत्यांनी, म्हणजे त्या जतकडच्या जवानाच्या बायकोनं सांगितलं, माझं लग्न होऊन या घरात आल्यावर चौथ्या की पाचव्या वर्षी.

१९७२ च्या दिवाळीला आबांना सुट्टी मिळाली. महाराष्ट्रात तो मोठा दुष्काळ पडलेला. जत तर नेहमीचंच कोरडं, त्या वर्षी विहिरीचे तळ फुटलेले. आत्यांचं वय तेव्हा २०, पदरात दीड वर्षाचा मुलगा, आणि त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. संध्याकाळी घरी आल्या तर अंगणात एक फौजी उभा. म्हणाला, "मी तुझी पत्रं वाचत होतो ताई, आणि उत्तरं लिहीत होतो. उद्या भाऊबीज आहे. मला ओवाळ."

घरात एकच कालवा झाला. विधवेनं ओवाळायचं? सासू दारात आडवी उभी राहिली. भावकीतले दोघं-चौघं जमले. आबा कुणाशी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, स्वतःच पाट मांडला आणि त्यावर बसले. आत्या सांगतात, ऊन कललं तरी उठले नाहीत. पाणी दिलं तेवढं प्यायले. शेवटी सासूनंच निरांजन लावून तबक आत्यांच्या हातात दिलं. ताटात रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि गुळाचा खडा होता. आबांनी ओवाळणीत लुगडं घातलं. ते आजीनं स्वतःसाठी घेतलेल्या लुगड्याच्याच वाणाचं होतं. पुढं आजीनं ती रीतच पाडली. स्वतःला जे घेईल तेच जतला, तेच शाहूवाडीला. कधी कमी दराचं घेतलं नाही.

तिथून दुसऱ्या दिवशी ते शाहूवाडीला गेले. मग सुट्टी मिळेल त्या प्रत्येक दिवाळीला, आणि १९८५ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आल्यावर एकही वर्ष न चुकता. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं पाडव्यालाच ओवाळून घ्यायचं, हे ठरून गेलेलं. तू लहानपणी रुसायचास, "सगळ्यांचे आजोबा घरी असतात आणि आपलेच नेमके सणाला एसटीत." तेव्हा तुला नीट सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, ती चूक माझी.

ओवाळून घेऊन निघून यायचं, असं त्यांचं नव्हतं. आत्यांचं नाव फौजेच्या कागदात माहेरचं लागलेलं, गावच्या कागदात सासरचं. या एका फरकापायी पेन्शनची फाइल किती वेळा परत आली याची गणती नाही. एका कार्यालयात तर समोरच्या माणसानं कागद वाचायच्या आधीच मागं सरकवले होते. आबा पुन्हा लिहायचे. त्यांच्या ट्रंकेत 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही लढाईची पदकं एका जुन्या रुमालात बांधलेली आहेत, त्यांच्याखाली एक निळी वही आहे. तीत प्रत्येक अर्जाची नक्कल आहे, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, तारखेसकट. हळूहळू आसपासच्या गावातल्या माजी सैनिकांच्या बायकाही कागद घेऊन यायला लागल्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत आपली ओसरी भरलेली असायची. कराडला बँकेत रात्रपाळीची राखण करून आलेला माणूस, न झोपता बायकांचे फॉर्म भरत बसायचा.

एवढं मोठं मन घरातल्यांना सोसावंही लागतं, बाळा. हे लपवून मी तुला खोटं चित्र देणार नाही. कौलं बदलायला साठवलेले पैसे त्यांनी एकदा शेजारच्या वाडीतल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला देऊन टाकले. त्या पावसाळ्यात आपण घरभर भांडी मांडून झोपलो. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "तुला विचारायला पायजे होतं. घर तुझंबी हाय." सासऱ्यानं सुनेला असं म्हणणं आमच्या भागात तेव्हा ऐकिवात नव्हतं. मग दोन महिने जादा पाळ्या करून त्यांनी कौलं आणली.

आणि ज्याच्यामुळे मी आज मास्तरीण म्हणून पेन्शन घेते, ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. माझी डी.एड.ची परीक्षा आली तेव्हा तू पाच महिन्यांचा होतास. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आबा म्हणाले, "पुढचं वरीस कुणी बघितलंय?" परीक्षेचे सगळे दिवस ते तुला घेऊन माझ्याबरोबर कराडला आले. कॉलेजच्या आवारातल्या लिंबाखाली घोंगडी टाकायचे आणि वाटी-चमच्यानं तुला दूध पाजायचे. तुझी दुपटी नळावर धुऊन फांदीवर वाळत घालायचे. पेपर लिहिता लिहिता खिडकीतून मला ती फांदी दिसायची. कुणी तरी हसलं असणार, कारण एकदा त्यांचा आवाज वर्गापर्यंत आला, "बंदूक साफ केलेले हात हायत हे, नातवाचं दुपटं धुवायला कसली लाज?"

आजीची नजर गेल्यावर तिची वेणी तेच घालायचे, हे तू पाहिलंच आहेस. आधी कंगव्यानं गुंता सोडवायचे, टोकाकडून वर, तिला ओढ बसू नये म्हणून. ती गेली त्या दिवशीही वेणी त्यांनीच घातली, आम्हा बायकांना हात लावू दिला नाही.

दर ११ डिसेंबरला ते पहाटे चारलाच उठून अंगणात उभे राहायचे. आईसाठी की त्या दोघांसाठी, मी विचारलं नाही. मी चहा करून द्यायचे, ते कप घेऊन उभ्यानंच प्यायचे.

शाहूवाडीच्या आत्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. जतच्या आहेत. परवा त्यांचा फोन आला होता. आवाज खोल गेला आहे. म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडं सुतकाचं वरीस, येऊ नका. मी आपली पाट मांडून चंद्राला ओवाळीन." भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं असतं, तुला माहीत नसेल. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. पन्नासहून जास्त वर्षं जिच्या दारात भाऊ आला, तिनं आता चंद्राकडं तोंड करून उभं राहायचं? तुझ्या बाबांचे गुडघे एसटीचा तेवढा प्रवास सहन करणार नाहीत. आपण दोघं जाऊ. कराडहून मिरज, मिरजेहून जत. पाटावर कुणी बसायचं ते त्यांनाच ठरवू दे. तुला बसवलं तर संकोच करू नकोस.

पुण्याहून निघताना एक नऊवारी घे. अंजिरी किंवा मोरपंखी, काठ बारीक. तशीच एक माझ्यासाठीही घे, तो आजीचा नेम मला मोडायचा नाही. चुरमुरे मी इथून घेते.

आणि एक काम. पुढच्याच महिन्यात आत्यांचा हयातीचा दाखला द्यायचा आहे. आता तो मोबाइलवरून होतो म्हणतात. गेल्या वर्षी आबांनी त्यांना सेंटरवर नेलं होतं, पण यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. खडी फोडून आणि नंतर जन्मभर रानात राबून रेषा पुसल्या गेल्यात. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय आहे असं ऐकलं, ती नीट शिकून ये. त्यांचा पेन्शनचा नंबर निळ्या वहीत मधल्या पानावर आहे, मी वही काढून ठेवली आहे. मोबाइल पूर्ण चार्ज करून आण, तिथं लाइटचा भरवसा नसतो. आणि फोटो काढताना त्यांना अंगणात उजेडाकडं तोंड करून बसव.

तुझी,
आई