अर्जातला एक रकाना

कुपवाड, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

‘आई, ऑनलाइन डिग्रीला कंपन्या किंमत देतात का? खरं सांग.’ तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतला. बाबा म्हणतात, हो किंवा नाही एवढंच कळव. तेवढ्यात मावणारं उत्तर नाही रे हे.

तुला माहीत आहे, माझी बी.कॉम. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची. विद्यापीठ 1989 चं, ताकवले सर पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आमच्या घरी ती गंगा पुस्तकांच्या गठ्ठ्याने आली. लग्न झालं तेव्हा मी दहावी पास. आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, मग तीन वर्षं. रविवारी सांगलीला अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र, पेपरला तुला कडेवर घेऊन जाऊबाई बाहेर कडुलिंबाखाली बसलेल्या. तू रडलास की मला वर्गात ऐकू यायचं.

2006 मध्ये पहिल्या नोकरीला गेले तर साहेब म्हणाले, ‘मुक्त म्हणजे काय, पुस्तक उघडून पेपर लिहायचा का?’ शेजारी बसलेले दोघं हसले. मग त्यांनी बँक पासबुक आणि कॅशबुक पुढे टाकलं, ‘जुळवणीपत्रक करा’ म्हणाले. एक चेक दोनदा चढवलेला होता, तो मी अर्ध्या तासात काढला. नोकरी मिळाली. पगार मात्र रेग्युलर बी.कॉम.वाल्या मुलीपेक्षा तीनशे रुपयांनी कमी, आणि ते तीनशे भरून यायला दोन वर्षं गेली. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. आस्थापनेत येणारे अर्ज पहिल्यांदा मीच चाळते. त्यात एक रकाना असतो : रेग्युलर, दूरस्थ की ऑनलाइन. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2 सप्टेंबर 2022 ला कळवलं की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या समकक्ष धरायची. सरकारी नोकरीत आणि पुढच्या प्रवेशाला हा शब्द उपयोगी पडतो. खासगी मालकाचा हात तो धरत नाही. जाहिरातीत ‘फक्त फुल टाइम’ छापलं की संपलं. मोठ्या कंपन्यांत तर अर्ज आधी संगणकच गाळतो म्हणे, म्हणजे तुझं जुळवणीपत्रक बघायला माणूस समोर येतच नाही. अशी दारं तुझ्यासाठी बंद असतील हे धरून चाल.

पण आमच्यासारख्या ठिकाणी काय होतं ते सांगते. ‘ऑनलाइन’ वाचून आमचे साहेब भुवई उचलतात. मग विचारतात, परीक्षा कुठे दिली? घरी बसून की केंद्रावर? मुलगा म्हणाला, केंद्रावर, ओळखपत्र दाखवून, की भुवई खाली येते. दुसरा प्रश्न, शिकताना नोकरी करत होतास का? शिफ्ट करून पदवी काढलेला मुलगा साहेबांना आवडतो. मला तर फारच. पण तीन वर्षं नुसताच घरी होता आणि ऑनलाइन डिग्री आहे, असं म्हटलं की मीसुद्धा अर्ज बाजूला ठेवते. हा न्याय आहे का? सगळ्यांच्या बाबतीत नसेल.

आता तुझे दोन पर्याय. त्या एजंटचं आधी बोलते, कारण तू त्याला पाच हजार देऊन बसला आहेस. एका वर्षात तीन वर्षांची डिग्री, मागची तारीख घालून, ‘वन सिटिंग’. ओंकार, पदवीची किमान वर्षं ठरलेली असतात. मान्यतेचा अभ्यासक्रम असा फ्रँचायझीवर, म्हणजे बाहेरच्याला ठेका देऊन, चालवायला यूजीसीची मनाईच आहे. त्याने बी.टेक.सुद्धा ऑनलाइन देतो म्हणून सांगितलंय ना? इंजिनिअरिंग ऑनलाइन किंवा दूरस्थ चालतच नाही, कायदा आणि फार्मसीही नाही. कुठलंही विद्यापीठ असो, डीईबीच्या, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, साइटवर त्या वर्षाच्या यादीत त्याचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, हे स्वतः बघायचं. डीईबी आयडीही आता विद्यार्थ्यानेच काढायचा असतो, एजंटने नाही.

शेजारच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरचं तुला सांगितलं नव्हतं. एका अभिमत विद्यापीठातून त्याने दूरस्थ बी.टेक. केलं, बढती घेतली. नोव्हेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या अशा पदव्या स्थगित, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, परीक्षा पास व्हा तरच टिकतील. त्यानंतरच्या तर रद्दच. चाळिशीच्या पुढचा माणूस, मुलगी दहावीला, आणि हा रात्री गणिताची पुस्तकं काढून बसलेला. त्याने कुणाला फसवलं नव्हतं, फी भरली होती, पेपर दिले होते. मान्यता तेवढी तपासली नव्हती.

दुसरा पर्याय आय.आय.टी. मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. तो 2020 मध्ये बी.एस्सी. म्हणून जाहीर झाला होता. जेईई नको, पण आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. आठवड्याचं काम घरून, क्विझ आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन. मध्येच थांबलास तरी पायरीपायरीला काही हातात राहतं : फाउंडेशनचं प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, मग बी.एस्सी., पूर्ण चार वर्षं केलीस तर बी.एस. तुझी बारावी सायन्सची आहे, इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाली आहेत, गणित तुला नवीन नाही. दुसऱ्या वर्षाला ते का सुटलं ते आपण दोघंही जाणतो, त्यावर आज बोलत नाही.

फक्त एक सांगते. हे घेतलंस तर कुणी विचारल्यावर ‘मी आय.आय.टी.त आहे’ एवढंच म्हणून थांबू नकोस. ‘ऑनलाइन बी.एस.’ हे पूर्ण सांग. नाहीतर मुलाखतीत बी.टेक. समजून बोलणाऱ्या माणसाला मागाहून कळतं, आणि मग त्याला तुझं बाकीचं बोलणंही खोटं वाटायला लागतं. मी हे टेबलाच्या या बाजूने दोनदा पाहिलं आहे. पदवी आम्ही विद्यापीठाकडून पडताळून घेतोच, तेव्हा लपत काहीच नाही.

आणि चार वर्षं नोकरी सोडायची नाही. पगाराची स्लिप आणि तुझे ते छोटे प्रोग्राम दोन्ही साठवून ठेव. गोदामातला माल मोजायची जी एक्सेलची शीट तू बनवलीस म्हणाला होतास, ती मला पाठव. आमच्या स्टोअरमध्ये तशीच हवी आहे. साहेबांना दाखवते, नाव न सांगता.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते आहे. एजंटची पावती काढून ठेव, पैसे परत मागायला आपण दोघं जाऊ. बाबांना सांगू नकोस, ते भांडतील. मेथीचे लाडू आणते आहे, रूमवरच्या पोरांना दोन-दोनच दे.

तुझी,
आई