पार्किंगचे शंभर पौंड आणि तुझा पगार

मिल्टन कीन्स,
रविवार, रात्री

प्रिय विन्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर सांगितलं तर निम्मं तुझ्या डोक्यात राहणार नाही, आणि मागून मीनलवहिनी "भरून टाका हो, कशाला कटकट" म्हणत राहणार. म्हणून लिहूनच पाठवतोय. सावकाश वाच, पण पगार व्हायच्या आत वाच.

मला समजलं ते असं. लिफ्ट दुरुस्तीच्या कॉलवर तू त्या रिटेल पार्कला गेलास आणि कंपनीची व्हॅन ग्राहकांच्या पार्किंगमध्ये लावलीस. तिथे दोन तासांची मर्यादा, काम चाललं साडेतीन तास. कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली, नोटीस तुमच्या ऑफिसला गेली. ऑफिसने तुला एका शब्दाने न विचारता ६० पौंड भरले आणि आता मेल पाठवलाय की ते ६० आणि वर ४० पौंड 'प्रशासकीय खर्च' असे शंभर पौंड तुझ्या पगारातून कापणार. बरोबर ना?

तू मेसेजमध्ये पाच-सहा वेळा 'दंड' म्हणालास. हा दंड नाही रे. दंड करायचा अधिकार काउन्सिलला (म्हणजे इथल्या नगरपालिकेला) आणि पोलिसांना. खाजगी पार्किंग कंपनी पाठवते ते एक प्रकारचं बिल असतं : आमच्या जागेत गाडी लावलीत म्हणजे पाटीवरच्या अटी मान्य केल्यात, त्या मोडल्यात, तर एवढे पैसे द्या. नोटिशीचा रंग, भाषा, सगळं मुद्दाम सरकारी वाटेल असं करतात. लघुरूपसुद्धा दोन्हीकडे तेच, पीसीएन : काउन्सिलची 'पेनल्टी चार्ज नोटीस', यांची 'पार्किंग चार्ज नोटीस'. आपल्यासारखी माणसं, ज्यांच्या घरी सरकारी लिफाफा आला की आधी देवापुढे ठेवायचे आणि मग फोडायचे, ती बरोबर घाबरतात.

पण तुझ्या डेपोतला तो सहकारी म्हणतो तसं 'फाडून फेकून दे' हेही खरं नाही. तो सल्ला फार जुना झाला. २०१२ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत गाडीला जॅमर लावणं बंद झालं, पण त्याच कायद्याने पार्किंगवाल्यांना दुसरं हत्यार दिलं : गाडी कोण चालवत होतं ते कळलं नाही, तर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून वसुली. त्याला अटी आहेत. काचेवर काही चिकटवलं नसेल आणि नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल, तर ती चौदा दिवसांत पोचायला लागते. आणि २०१५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टात चेम्सफर्डच्या रिटेल पार्कचा खटला गाजला. एक गृहस्थ दोन तासांच्या वर ५६ मिनिटं थांबले, ८५ पौंड लावले, ते शेवटपर्यंत लढले आणि हरले. कोर्टाचं म्हणणं, जागा फिरती राहावी यात जागेवाल्यांचा रास्त हितसंबंध आहे, पाट्या ठळक होत्या, रक्कम अवाजवी नाही. त्यानंतर 'तुमचं नुकसान किती झालं ते दाखवा' हा सगळ्यांचा लाडका मुद्दा बोथट झाला.

कार्डिफच्या मोठ्या सरकारी इस्पितळाचं आठवतं? वेल्समध्ये २००८ पासून बहुतेक इस्पितळांत पार्किंग फुकट, पण तिथे खाजगी कंपनीचं जुनं कंत्राट चालू होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांवर अशाच नोटिशींच्या वसुलीचा खटला झाला आणि २०१७ मध्ये ते हरले. लोकांची सहानुभूती सगळी त्यांच्या बाजूने, तरी हरले. म्हणून म्हणतो, 'आम्ही कामासाठीच गेलो होतो' एवढ्यावर भागत नाही.

तरीही तुझी बाजू कमकुवत नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तू तिथे खरेदीला गेला नव्हतास, त्यांनीच बोलावलं होतं, त्यांचीच लिफ्ट बंद होती. तुझ्याकडे जॉबशीट आहे, त्यावर साइट मॅनेजरची सही आहे. अशा वेळी सगळ्यात सोपा मार्ग अपिलाचाही नसतो. जागेच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला एक मेल टाकायचा की तुमच्या कामासाठी आलेल्या माणसाला नोटीस लागलीय, ती रद्द करायला सांगा. बऱ्याचदा तेवढ्याने होतं. नाही झालं तर पार्किंग कंपनीकडे २८ दिवसांत हरकत, त्यांनी फेटाळली तर त्यांच्या संघटनेप्रमाणे पॉप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या संस्थांकडे अपील. पॉप्लाकडे हरलास तरी तो निर्णय तुझ्यावर बंधनकारक नसतो, कंपनीवर मात्र असतो. आणि नोटीस आल्यावर ऑफिसला एवढंच करायचं होतं : गाडी कोण चालवत होतं ते कळवायचं. मग पुढचा कागद तुझ्या नावाने आला असता आणि हे सगळे दरवाजे तुला उघडे राहिले असते.

ते त्यांनी केलं नाही. चौदा दिवसांच्या आत भरलं तर सवलत मिळते म्हणून शंभराऐवजी साठ भरून मोकळे झाले. एकदा पैसे भरले की पार्किंग कंपनीच्या दृष्टीने विषय संपला, अपील बंद. पुण्यात गाडी उचलून नेली तर निदान टेम्पोमागे पळता येतं, हवालदाराशी हुज्जत घालता येते. इथे तुझी हुज्जत घालायची संधी तुझ्याच ऑफिसने परस्पर विकून टाकली.

तेव्हा आता पार्किंग कंपनी डोक्यातून काढ. पाटी नीट दिसत होती का, कॅमेऱ्याची वेळ बरोबर का, हे सगळं ऑफिसशी वाद घालताना मधे आणू नकोस, ते तुला त्यातच गुंतवून ठेवतील. प्रश्न एकच : तुझ्या पगाराला हात लावायचा हक्क त्यांना कुठून आला?

१९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं कलम १३ काढून बघ, छोटंसं आहे. पगारातून कपात करायला एकतर कायद्याचा आधार हवा (टॅक्स वगैरे), नाहीतर करारात तशी अट हवी, नाहीतर तुझी लेखी संमती. आणि संमती घटनेच्या आधीची हवी. आधी पार्किंगचा प्रकार घडला आणि मग फॉर्मवर सही घेतली, तर त्या सहीवर ही कपात बसत नाही. एचआरने पाठवलेल्या त्या 'सहमती फॉर्म'वर म्हणूनच सही करू नकोस. सही केलीस तरी कायद्याने त्याला फारसा अर्थ नाही, पण पुढे 'यांनी तर मान्य केलं होतं' म्हणून तोच कागद नाचवतील.

आता तुझा करार आणि व्हॅनची चावी घेताना सही केलेली व्हेइकल पॉलिसी, दोन्ही शोध. बहुतेक पॉलिसीत असं काहीतरी असतंच की वाहतुकीचे दंड चालकाने भरायचे. असलं, तरी लगेच हात टेकू नकोस. नुसतं 'दंड' लिहिलं असेल तर खाजगी पार्किंगचं बिल त्यात बसतं का, यावर वाद घालता येतो. ते ४० पौंड कुठे लिहिलेत का बघ. मला वाटतं तिथेच त्यांचा पाय घसरेल. पॉलिसीत स्पष्ट 'खाजगी पार्किंग शुल्क आणि प्रशासकीय खर्च' असं लिहिलेलं निघालं तर मात्र तुझी बाजू पातळ आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. मग फक्त एवढंच म्हणता येईल की मला न कळवता भरून तुम्ही माझा हरकतीचा हक्क घालवलात, निदान ४० तरी सोडा.

व्हिसाचं. तू रात्री झोपत नाहीस असं वहिनी म्हणाल्या. अरे, हा फौजदारी मामला नाही, कुठल्याही रेकॉर्डवर जात नाही. काउंटी कोर्टाचा निवाडा झाला आणि तो महिन्याभरात चुकता केला नाही तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात दिवाणी निवाड्यांबद्दल विचारतात, ते खरं. पण इथे कोर्टच नाही, पैसे भरले गेलेत. खरी भीती वेगळी आहे, ती मला कळते : तुझ्या व्हिसाचे स्पॉन्सर हेच ऑफिसवाले, वाकड्यात शिरले तर? बेकायदा कपातीबद्दल तोंड उघडलं म्हणून कामावरून काढणं आपोआप गैर ठरतं, नोकरीत किती दिवस झाले हे बघत नाहीत. कायदा एवढा भक्कम आहे. पण भक्कम कायदा ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या वादांचं कोर्ट) जिंकेपर्यंत व्हिसा थांबत नाही, हेही तुला माहीत आहे. म्हणून भाषा मऊ ठेव.

मंगळवारपर्यंत मेल टाक, पगार २८ ला आहे ना. मला कपातीचा आधार असलेली अट आणि माझ्या सहीची प्रत पाठवा, ती मिळेपर्यंत या कपातीला माझी संमती नाही, सोबत जॉबशीट जोडलंय, एवढं पुरे. 'कोर्टात खेचीन' वगैरे नको. तरी कापलेच तर लेखी तक्रार, मग ॲकासकडे (नोकरीतले वाद मिटवणारी सरकारी संस्था) अर्ज. त्यांची मध्यस्थी फुकट असते, आणि ट्रायब्युनलची फी सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच रद्द करवली. मुदत कपातीच्या तारखेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी धर. ती वाढवणारा कायदा २०२५ मध्ये झालाय, पण त्यावर विसंबू नकोस. युनियनचं सभासदत्व अजून घेतलं नसशील तर घे, माझ्याकडून शिव्या खाण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पॉलिसीचे फोटो आज रात्रीच पाठव, मसुदा मी करून देतो. वहिनींना सांग, भरायचं नाहीये.

तुझा,
सुहास

ता. क. : पुढच्या कॉलला साइटवर पोचलास की आधी रिसेप्शनवर व्हॅनचा नंबर नोंदवायला सांग आणि नोंदवलेल्या वहीचा फोटो काढून ठेव.