शेजारचं लेणं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या संकष्टीला लेण्याद्रीला गेले होते. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माझे गुडघे ६८ वर्षांचे. गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं आणि सवयीने शेजारच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात शिरले. बाहेर ही रांग, आत मी एकटी. थोड्या वेळाने एक कुटुंब आलं. वडिलांनी मुलाला सांगितलं, "पिंडीच्या पाया पड." मुलगा म्हणाला, "मग नंदी कुठंय?"

मुलाचं बरोबर होतं. ती पिंड नव्हे, बौद्ध स्तूप आहे. खांबांच्या मागून अरुंद वाट ठेवलीय ती त्याला प्रदक्षिणा घालायला. दर्शनी भिंतीवर ब्राह्मीत एकच ओळ आहे : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यघर, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह, दान दिलं. अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण माणसाचं नाव, बापाचा धंदा, गाव, सगळं आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. कल्याण बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला यायचा, त्यातलाच हा पैसा. आमच्या जुन्नरच्या शिलालेखांत तर धान्याचे व्यापारी, कासार, बुरूड यांच्या श्रेणी, म्हणजे संघ, आहेत, यवन (म्हणजे ग्रीक) दातेही आहेत. त्यातल्या इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. आणि तरी 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' हे ऐकावं लागतं.

गैरसमज नको, मी दर संकष्टी धरणारी बाई आहे. बाप्पा बसलाय ते ७ क्रमांकाचं लेणंही मुळात विहार. भोवतीच्या खोल्यांत भिक्षू राहायचे, पावसाळ्यात वर्षावासाला. हे कळल्याने माझा नमस्कार काही कमी झाला नाही. पण त्या दिवशी स्तूपावर कुणीतरी कुंकू वाहिलेलं होतं. पदराने पुसून पाहिलं, दगडात मुरलंय.

दारात मोठ्या अक्षरांची मराठी पाटी हवी : मूळ ओळ, खाली अर्थ, आणि 'हा स्तूप आहे, कुंकू वाहू नये'. संबंधित खात्याला मजकुराची अडचण असेल तर मी फुकट लिहून देते. ३१ वर्षं फळ्यावर लिहिलंय, अक्षर लांबून वाचता येतं.

— एक निवृत्त शिक्षिका, जुन्नर