प्रतिसाद ‘अल्प’ का होता, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या तालुक्यातील भूमिगत वीजवाहिन्यांच्या बैठकीची बातमी वाचली. मथळ्यातले ‘ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद’ हे शब्द मनाला फार लागले. आमच्या वाडीतून त्या बैठकीला आम्ही तिघे गेलो होतो. बाकीचे का आले नाहीत, हे आपल्या वार्ताहरांनी कुणालाही विचारले असते तरी कळले असते.

बैठक मंगळवारी, सकाळी ११ वाजता, तालुक्याच्या ठिकाणी. ऐन भातलावणीचे दिवस. रोपांचे आवण काढून ठेवलेले, चिखल तयार, आणि एवढ्यात शेत सोडून कोण जाणार? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली ती आदल्या शनिवारी संध्याकाळी. याला प्रतिसाद कमी म्हणायचे की निरोपच पोचला नाही म्हणायचे?

वाहिन्या जमिनीखालून जाव्यात ही आमचीच मागणी आहे, त्याबद्दल गैरसमज नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले तेव्हा मी घरातच होतो. आमच्याकडे त्यानंतर ३४ दिवस वीज नव्हती. वडिलांचे इन्सुलिन आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवत होतो. विहिरीवरचा पंप बंद, म्हणून सत्तरीची आई रहाटाने पाणी ओढत होती. खांब वाहणारी गाडी वाडीच्या अरुंद पाखाडीत येईना. तेव्हा टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी दोरखंड लावून, खांद्यावर घेऊन ते खांब आगरांतून आत नेले. खड्डे खणले, ते उभे केले. आमच्याकडचे बहुतेक खांब वाऱ्याने मोडले नव्हते, नारळी-पोफळी आणि आंबे त्यांच्यावर कोसळल्याने मोडले होते. कुठला खांब कशाखाली गेला, हे आजही वाडीतला दहावीतला मुलगा सांगू शकेल. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते आले तेव्हा तीच माणसे पुन्हा कोयते घेऊन वायरमनच्या मागे उभी होती.

एवढी माहिती ज्यांच्याकडे आहे, त्यांना विचारायचे कधी? तर नकाशा पुरा झाल्यावर. बैठकीत भिंतीवर जो नकाशा लावला होता त्यावर सगळी नावे इंग्रजीत होती आणि आमच्या वाडीचे नाव तर नव्हतेच, नुसता एक आकडा होता. मी बोटाने रस्ता धरत धरत आमची जागा शोधली. पाहतो तो नवी डीपी, म्हणजे घरोघर वीज वाटून देणारा संच, आणि तिच्याशेजारची केबलची पेटी धक्क्याच्या वळणावर दाखवलेली! त्या वळणावर पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरतीला गुडघाभर खारे पाणी चढते. पूर्वी तिथे लोखंडी खांब होता, तो बुडाशी गंजून कसा गेला ते आम्ही पाहिले आहे. तार तुटली तर निदान डोळ्यांना दिसते. खाली केबलच्या जोडात पाणी शिरले तर दोष शोधणारे यंत्र येईपर्यंत खणायचे तरी कुठे?

हे सगळे मी उभा राहून सांगितले. दोन मिनिटांत मला थांबवले आणि ‘लेखी द्या’ म्हणाले. मी तिथेच कागद मागून लेखी दिले. पोच मागितली तर उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने गेलो. आवक नोंदीत माझा कागद सापडला नाही. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा नवा अर्ज लिहून त्यावर शिक्का घेऊन आलो. त्यात माझे लावणीचे दोन दिवस गेले. विजेचे दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्यात, असे २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये वीज नियामक आयोगाला स्पष्ट सांगितले आहे. मग जी डीपी पुढची तीस वर्षे आमच्या दारात राहणार तिच्याबाबत आमचे म्हणणे एका कागदावरही टिकू नये?

मीटरचेही तसेच. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असे जून २०२४ मध्ये शासनाने जाहीर केले. आमच्या घरी मात्र आम्ही शेतावर असताना मीटर बदलून गेले. म्हाताऱ्या आईला एवढेच सांगितले, ‘आजी, नवीन लावलाय.’ कसला, कशासाठी, बिल कसे येणार, काही नाही. ती अजून विचारते, ‘यात पैसे आधी भरायचे का रे?’ मी काय उत्तर देऊ?

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. नकाशा मराठीत, वाड्यांच्या नावांसह, तिथे आणावा. बायकाही येतील. पंप बंद पडल्यावर पाणी त्यांनाच ओढावे लागते. आणि त्याआधी येत्या अमावास्येच्या उधाणाला, दुपारी बाराच्या सुमारास, संबंधित अभियंत्यांनी धक्क्याच्या वळणावर यावे. डीपीची जागा मी दाखवीन. पाणी कुठवर येते ते त्यांनी स्वतः पाहावे.

– एक वीजग्राहक, जि. रायगड