सूचना : न शिजवता, फ्रिजविना टिकणाऱ्या खाण्याचा साठा

सर्व सभासदांना नमस्कार,

वीज आणि गॅस दोन्ही बंद पडले तरी खाता येईल असं किमान 3 दिवसांचं खाणं प्रत्येकाने घरी काढून ठेवावं, ही विनंती. शेंगदाणे, भाजलेले चणे, खजूर, मनुका, बिस्किटं, पीनट बटर आणि शिजवलेल्या कडधान्यांचे बाजारात मिळणारे सीलबंद पत्र्याचे डबे एवढ्यावर सहज भागतं. फार खारट पदार्थ टाळा, तहान वाढते. पिण्याचं पाणी माणशी रोज 3 लिटर तरी धरा.

डबे हातात घेऊन नीट बघा. झाकण फुगलेलं असेल, कडेला ओघळ असेल किंवा शिवणीवर खोल पोचा असेल तर तो सरळ टाकून द्या. चव घेऊन बघू नका. बोट्युलिझमचं (डबाबंद अन्नात जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. डबा फोडायचं कटर साठ्यातच ठेवा. गेल्या वेळी आमच्याकडे डबे होते, पण अंधारात कटरच सापडेना.

टेट्रापॅकमधलं यूएचटी (खूप जास्त तापमानाला तापवून पॅक केलेलं) दूध बंद असेपर्यंतच बाहेर टिकतं. फोडल्यावर त्याला फ्रिज लागतो, म्हणून 200 मिलीचेच पॅक घ्या. उघडलेल्या डब्यातलं उरलेलंही 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध अजिबात देऊ नका, त्याचं खाणं वेगळं काढा.

नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. सुकामेवा उन्हापासून लांब ठेवा, लवकर खवट होतो. ज्यांना सामान आणणं जमत नाही त्यांनी निःसंकोच कळवावं, आम्ही आणून देऊ.