घर दिसले, पण कळले नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माळरानावरच्या एकाकी बंगल्यात घडणाऱ्या नव्या रहस्यपटाचे जे परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत आले, त्यात त्याच्या वातावरणनिर्मितीची तोंडभरून स्तुती होती. त्या भरवशावर आम्ही घरचे चौघे चित्रपटगृहात गेलो आणि अडीच तासांनी जांभया देत बाहेर पडलो. धुके, पाऊस, करकरणारी दारे, मधूनच फडफडणारा दिवा हे सगळे चित्रपटात आहे. मंडपाच्या भाड्याच्या सामानासारखे ते मोजून मांडलेलेही आहे. भीती तेवढी वाटत नाही.

याचे कारण माझ्या मते असे की, ज्या घरात आपल्याला कोंडून घातले आहे, ते घर दिग्दर्शकाने आपल्याला नीट दाखवलेलेच नाही. जिना कुठे निघतो, मागचे दार कुठे उघडते, माळ्यावरची पावले नेमकी कोणत्या खोलीत ऐकू येतील, हे प्रेक्षकाला पाठ असेल तरच अंधारात पात्रासोबत त्याचाही पाय अडखळतो. येथे नायिका आवाज ऐकून खाली येते तेव्हा स्वयंपाकघर जिन्याच्या डावीकडे आहे. पुढे जीव मुठीत धरून धावताना ती उजवीकडे वळते आणि त्याच स्वयंपाकघरात पोहोचते. आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी 'घर बदललं वाटतं!' म्हणाले, हशा पिकला आणि पुढचा थरार त्या हशातच वाहून गेला.

दुसरी चूक याहून मोठी आहे. रहस्यपटांचे नामवंत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेली प्रदीर्घ मुलाखत १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत त्यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण तो टेबलाखाली आहे आणि किती वाजता फुटणार हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला पंधरा मिनिटे बेचैन करतात. या चित्रपटात मध्यंतरापूर्वी नायिका बराच वेळ दूध तापवत उभी आहे. माळ्यावर कोणीतरी पहिल्या दिवसापासून लपून बसले आहे, हे आपल्याला तेव्हाच ठाऊक असते, तर ते उतू जाणारे दूध पाहून अंगावर काटा आला असता. ते कळते अखेरच्या दहा मिनिटांत, त्यामुळे त्या दृश्यात आपण फक्त दूध तापताना पाहतो.

राम गोपाल वर्मा यांच्या 'कौन'मध्ये (१९९९) एक घर आणि तीन पात्रे होती, गाणे एकही नव्हते, आणि सारा खेळ दीड तासाच्या आसपास आटोपला होता. येथे दोन गाणी आहेत, त्यातले एक तर मधुचंद्राच्या आठवणीचे, परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावरचे. झाकण असे वारंवार काढल्यावर आत वाफ धरणार कशी? घरातून बाहेर पडण्याच्या वाटा बंद करण्यासाठी लेखकाने फोनची रेंज घालवली, मोटार बंद पाडली, पूलही वाहून नेला; मात्र माळी रोज सकाळी सायकलवरून येतो आणि तो कुठून येतो हे त्याला कोणीही विचारत नाही.

सगळेच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. आजेसासूचे काम करणाऱ्या अभिनेत्री एका प्रसंगात खिडकीपाशी विणत बसल्या आहेत. छतावरच्या माळ्याकडे मानही वर न करता त्या फक्त सुया थांबवतात, क्षणभर कानोसा घेतात आणि पुन्हा विणू लागतात. तेवढ्यापुरते पार्श्वसंगीत गप्प आहे आणि तेवढ्यापुरतीच मला भीती वाटली.

रहस्यपटाचा शेवट परीक्षणात फोडू नये, हा संकेत आपले परीक्षक कसोशीने पाळतात, याबद्दल त्यांचे आभार. पुढच्या वेळी, शेवट न सांगता, गाणी किती आहेत एवढे मात्र त्यांनी अवश्य कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक